अंगठ्यांची वही

छत्तीस वर्षं मी कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काढली. तेवढ्या काळात माझ्यावर दोनच आरोप झाले. एक, हा माणूस कुणाचं ऐकत नाही. दुसरा, हा माणूस कधी हसत नाही. दोन्ही खरे होते. शंभर टनांचा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, असो की बोटभर लांबीचा तुकडा, मापात नसला की मी लाल खडूनं फुली मारायचो आणि पुढं निघायचो. हाताखालच्या लोकांकडून मी दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. मोजण्याआधी गेज तपासा, म्हणजे ज्यानं मोजायचं तेच बरोबर आहे की नाही ते आधी बघा. आणि एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका. "बारा" म्हणजे काय? बारा मिलिमीटर की बारा भोकं? नुसता आकडा लिहिलेला कागद माझ्या टेबलावर आला की मी तो सरळ परत फेकायचो.

निवृत्त झाल्यावर भोपाळमध्येच अवधपुरीत घर बांधलं आणि घरी बसलो. दूधवाल्याचं माप दुसऱ्यांदा तपासलं, त्या दिवशी माझी बायको वसुधा म्हणाली, "अहो, कुठंतरी जा. कुणालाही मोजा, पण मला आणि दूधवाल्याला सोडा."

नेमकं तेव्हाच राज्य सरकारनं सरकारी शाळा मोजायला घेतल्या होत्या. दर मार्चमध्ये एक परीक्षा, तिच्या सरासरीवर शाळेला श्रेणी, ए पासून डी पर्यंत. पन्नासच्या खाली म्हणजे डी. लागोपाठ दोन वर्षं डी आला की शाळा बंद आणि मुलं जवळच्या दुसऱ्या शाळेत. परीक्षा शिक्षकांनीच घेतली तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं बाहेरचे निरीक्षक नेमायचे होते. मी अर्ज केला. सरकारनं उशिरा का होईना एक शहाणपणाचं काम केलं असं माझं स्पष्ट मत होतं, आजही आहे.

मला मिळालेली शाळा कारखान्याच्या टाउनशिपच्या मागच्या भिंतीपलीकडची. कारखान्यातल्या कंत्राटी मजुरांची आणि क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायकांची मुलं तिथं शिकायची. पहिल्या दिवशी गेलो तर फाटकावर लाल रंगात हातभर उंचीचा इंग्रजी डी. मला वाटलं कुणा टवाळाचं काम आहे.

"मी रंगवलाय तो," मागून मराठीत आवाज आला. मुख्याध्यापिका मंदाकिनी घटाटे. वडील नागपूरच्या कचेरीतले कारकून, राजधानी भोपाळला आली तेव्हा कचेरीबरोबर आले. बाई शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्येच जन्मल्या. हे सगळं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, कारण माझं खानझोडे हे नागपूरकडचं आडनाव त्यांनी कागदावर वाचलं होतं.

"शाळेच्या फाटकावर कुणी डी रंगवतं का, बाई?"

"मग कुठं रंगवू? निकाल शाळेचाच आहे ना," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं आमच्या रजिस्टरात सगळी मुलं पास, साहेब. मला वाटायचं, आपली शाळा एकदम छान. मागच्या वर्षी तुमच्यासारखे एक निरीक्षक आले, शंभरात बत्तीस पडले. आठवीतल्या निम्म्या मुलांना धड वाचता येत नव्हतं. आधी मी रडले. मग चिडले. मग बाजारातून ब्रश आणला. आईबाप विचारायला लागले, मॅडम, ये क्या लिखा है? आता त्यांना सांगायचं म्हणजे कामाला लागणं आलंच."

सरकारी माणसाच्या तोंडून "निकाल बरोबर होता" हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. कारखान्यात फुली मारलेल्या जॉबचा फोरमन आधी माझ्या गेजला शिव्या घालायचा, मग मला.

कामाला लागून त्यांनी काय केलं, तर एक जाड वही केली होती. प्रत्येक मुलाचं एक पान. दर शनिवारी मुलानं वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसाला काहीतरी वाचून दाखवायचं. पुस्तकातलं नाही, खरंखुरं: डॉक्टरची चिठ्ठी, रेशनच्या दुकानावरची पाटी, कचेरीतून आलेली नोटीस. ऐकणाऱ्यानं काय समजलं ते आपल्या शब्दांत बाईंना सांगायचं. समजलं असेल तर मुलाच्या पानावर त्याचा अंगठा. नसेल समजलं तर मुलानं सोमवारी पुन्हा वाचायचं.

मी वही चाळली आणि माझं डोकं सणकलं. निम्म्या पानांवर एकच अंगठा होता, मधोमध आडवा व्रण असलेला.

"बाई, असले कागद मी खूप पाहिलेत," मी म्हणालो. "एकाच माणसाला बसवून वही भरून घेतलीय तुम्ही."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली आणि मुलांचं जेवण रांधणाऱ्या शारदाबाई पदराला हात पुसत आल्या. उजव्या अंगठ्यावर विळीचा जुना व्रण.

"विचारा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

मी वहीतलं एक नाव वाचलं, शालिनी.

"उसने मेरी दवाई की पर्ची पढ़ी थी, साहब," शारदाबाई म्हणाल्या. "लिखा था, खाली पेट नहीं खाना। मैं दो साल से खाली पेट ही खा रही थी।"

"आणि हा उदय?"

"उसको मैंने तीन दिन अंगूठा नहीं दिया। रेलगाड़ी जैसा पढ़ता था। पढ़ता खूब था, समझ में कुछ नहीं आता था।"

मी अकरा नावं विचारली. अकराही जणांनी काय वाचलं ते त्या बाईला पाठ होतं. मी वही मिटली आणि माफी मागितली, जी मला फारशी जमत नाही. मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. छत्तीस वर्षांत इतकं साधं आणि इतकं पक्कं गेज मला सुचलं नव्हतं.

परीक्षा दोन दिवस चालली. वाचन मी स्वतः ऐकलं, पेपर स्वतः तपासले. पेपरांच्या गठ्ठ्यासोबत उत्तरांची किल्ली असलेलं एक लाखबंद पाकीटही आलं होतं. ते मी बॅगेच्या तळाशी टाकलं. शाळकरी गणितं तपासायला मला किल्ली लागणार होती की काय! तपासून झाल्यावर बेरीज केली. बसलेल्या एकशे एक मुलांची सरासरी चोपन्न. बत्तीसवरून चोपन्न! मी कागद घेऊन जवळजवळ पळतच बाईंच्या खोलीत गेलो.

त्यांनी कागद बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "पटावर एकशे अठरा आहेत, साहेब."

उरलेली सतरा मुलं आईबापांबरोबर गव्हाच्या कापणीला गेली होती. परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: पटावर नाव आणि परीक्षेला गैरहजर, म्हणजे शून्य. सतरा शून्यं मिळवून भागाकार केला तर चोपन्नचे शेहेचाळीस झाले. दुसरा डी. शाळा बंद. जवळची दुसरी शाळा म्हणजे मोठ्या रस्त्यापलीकडे साडेतीन किलोमीटर, ट्रकांच्या वाहतुकीतून. इथल्या निम्म्या मुली तिथं जाणार नाहीत हे त्या बोलल्या नाहीत, पण मला दिसत होतं.

पण त्याच परिपत्रकात वाट होती. महिनाभर सलग गैरहजर असलेल्या मुलाचं नाव मुख्याध्यापक पटावरून कमी करू शकतात. सतराही जणांना महिना होऊन गेला होता.

"कापा नावं," मी म्हणालो. "आजच्या तारखेनं. नियमात बसतं. परत आली की पुन्हा घाला."

"नाही कापणार."

"अहो, का?"

"दोन वर्षांपूर्वी कापली होती. अशीच, नियमात बसतात म्हणून. नऊ नावं. त्यातली दोनच परत आली." त्या खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. "एक अलका होती. पहिलीपासून माझ्याकडे. जूनमध्ये कापणीहून आली ती सरळ शाळेत. वर्गावरच्या बाईंनी सांगितलं, तुझं नाव नाही, वडिलांना घेऊन ये, फॉर्म भरावा लागेल. बाप कुठला येतोय! ती थोडा वेळ फाटकाशी उभी राहिली आणि गेली. मला कळलं ते संध्याकाळी. मी म्हटलं, उद्या बघू. उद्यापर्यंत ते लोक दुसऱ्या साइटवर गेलेले."

माझा पारा चढला. "आणि शाळाच बंद झाली तर? मग एकशे अठरा नावं कापली जातील, बाई! तुमच्या हट्टापायी!"

त्यांचे डोळे भरून आले, पण मान काही हलली नाही. मी दार आपटून बाहेर पडलो आणि शाळेच्या ओट्यावर बसून ते परिपत्रक चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी सातव्या कलमाशी थांबलो. गैरहजर मुलांसाठी निरीक्षक एकदा फेरपरीक्षा घेऊ शकतो, आठ दिवसांच्या आत. कुठं घ्यायची ते लिहिलंच नव्हतं.

कारखान्यात मोठा जॉब मापनाच्या खोलीत आणता येत नसे. तेव्हा आम्ही मोजायची यंत्रं गाडीवर घालून जॉबपाशी जायचो. त्यात काही विशेष नव्हतं, रोजचंच काम होतं. मी परत खोलीत गेलो आणि म्हणालो, "बाई, ती मुलं आहेत कुठं?"

ते शारदाबाईंना ठाऊक होतं, कारण त्यांचा दीर त्याच टोळीत होता. रायसेनच्या पुढं एका मोठ्या शेतावर. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मंदाकिनीबाई एसटीसारखीच खिळखिळी बस धरून निघालो. पुढचा रस्ता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून. माझ्या बॅगेत मोहोरबंद पेपर, त्यांच्या पिशवीत पट, पेन्सिली आणि शारदाबाईंनी दिलेल्या पुऱ्या.

सतरापैकी अकरा मुलं सापडली. सहा दुसऱ्या टोळीबरोबर पुढं गेली होती. मुकादम कुरकुरला, ऐन कामात ही काय परीक्षा. बाईंनी त्याला नमस्कार केला आणि त्याच्याकडे पाठ करून मुलांना कडुनिंबाखाली बसवलं. मुलांच्या केसांत भुसा, बोटं ओंब्यांनी खरचटलेली. एकानं पेन्सिल हातात घेऊन नुसतीच हुंगली. मी एकेकाला बाजूला घेऊन वाचन ऐकलं. महिनाभर पुस्तक न बघितलेली ती मुलं अडखळत, बोट ठेवून, पण समजून वाचत होती. पेपर तिथंच खळ्यावर बसून तपासले. उत्तरांत एकक नसेल तिथं गुण कापले, शाळेत कापले होते तसेच. बेरीज केली, भागाकार केला. पन्नास पूर्णांक एक!

मंदाकिनीबाईंनी नंतर वसुधाला सांगितलं की त्या वेळी मी हसलो होतो. वसुधाचा अजून विश्वास नाही.

मी कागदावर सी लिहिणार इतक्यात शेताच्या बांधावरून एक मुलगी आली. तेराएक वर्षांची, हातात विळा. मुलांच्या ओळीच्या टोकाशी ती जरा वेळ उभी राहिली.

"मैडम, मेरा पेपर?"

बाईंच्या हातून पाण्याची बाटली पडली. न सांगताच मला कळलं की ही अलका.

"बाई, थांबा," मी घाईनं म्हणालो. "हिचं नाव पटावर नाही. आज घातलंत तर भागायला एकशे एकोणीस होतील. हिला अडतीस तरी पडायला हवेत, आणि दोन वर्षं शाळेचं तोंड न बघितलेल्या मुलीला ते कुठून पडणार! उद्या घाला नाव. परीक्षा आज संपते, उद्या घाला."

"उद्या," त्या म्हणाल्या. फक्त तेवढंच.

"मग तिला एक पेपर नुसता द्या. सोडवू दे बापडीला. आपण मोजायचा नाही."

"तुम्ही कारखान्यात असं करायचात, साहेब? जॉब मोजायचा आणि लिहायचा नाही?"

त्यांनी पिशवीतून पट काढला, मांडीवर ठेवला आणि एकशे एकोणिसावं नाव लिहिलं. तारीख घातली, सही केली. मग आपल्या हातानं पेन्सिलीला टोक केलं आणि ती अलकाला दिली. अलका दोन तास बसली. मुकादम दोनदा ओरडला तरी ती उठली नाही. एकोणीस गुण पडले.

एकोणपन्नास पूर्णांक आठ. एकोणपन्नास पूर्णांक आठचे पन्नास मी आयुष्यात कधी केले नव्हते. मी डी लिहिला. बाईंनी खाली सही केली.

परतीच्या बसमध्ये मी बेरीज पुन्हा दोनदा करून पाहिली. शेवटी न राहवून म्हणालो, "पश्चात्ताप होतोय का?"

"होतोय ना," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वीचा." आणि मग, "पुढच्या वर्षी अलका तीस आणेल बघा. पलीकडच्या शाळेत का होईना. पटावर नाव असलं की तिथं पाठवता तरी येतं."

एवढं वाईट मला माझ्या निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. ही बाई हरली होती, मीच तिला हरवलं होतं, आणि माझी चूक मात्र कुठंच सापडत नव्हती.

ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. कागद कचेरीत द्यायला निघालो होतो. वसुधा माझी बॅग आवरत होती.

"हे पाकीट तसंच बंद आहे की."

"उत्तरांची किल्ली आहे. मला नाही लागली."

"म्हणजे न उघडताच तपासलंत?" वसुधा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आयुष्यभर आम्हाला ऐकवत आलात, आधी गेज तपासा, आधी गेज तपासा. आणि स्वतःचं?"

मी चिडूनच पाकीट फाडलं. उत्तरं सगळी माझ्या उत्तरांसारखीच होती. शेवटच्या पानावर तळाशी एक सूचना होती: गणिताच्या उत्तरात एकक लिहिलेलं नसल्यास गुण कापू नयेत.

सगळ्या मुलांचं माप मी घेतलं होतं आणि चुकीचं गेज मीच होतो. कारखान्यातला माझा सगळ्यात मोठा अभिमान एका शाळेच्या मानेवर ठेवून मी निवांत सही केली होती. शरम वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

दुपारपर्यंत सगळे पेपर पुन्हा तपासले. प्रत्येक बदललेल्या गुणापाशी सही केली. नवी सरासरी बावन्न पूर्णांक नऊ. सहा शून्यं धरून, अलका धरून. शेतावर गेलो नसतो तर नवा हिशोबही पन्नासच्या खालीच राहिला असता. तेही करून पाहिलं. मग कचेरीच्या नावानं हिंदीत एक पत्र लिहिलं. चूक कुणाची, कशी, कशामुळं. असं पत्र दिल्यावर निरीक्षकांच्या यादीतून माझं नाव कापलं जाणार हे उघड होतं, आणि ते योग्यच होतं.

पत्र घेऊन आधी शाळेत गेलो. मंदाकिनीबाईंनी ते उभ्यानं वाचलं, मग खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मी फाटकाकडे बघत राहिलो. रडणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला इथला नियम माहीत आहे. कागद आधी वाचून दाखवायचा."

शारदाबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं उभा राहून पत्र वाचलं. माननीय महोदय, उपर्युक्त विषयांतर्गत, वगैरे वगैरे.

"समझ में नहीं आया," त्या म्हणाल्या. "आप भी रेलगाड़ी जैसा पढ़ते हो, साहब।"

मागं मुलं हसली. मी खाली पायरीवर बसलो आणि पुन्हा वाचलं. हळू, एकेक ओळ, अवघड शब्द सोडवून सांगत. या वेळी मटार सोलायचे थांबले होते.

शारदाबाईंनी बाईंकडे तोंड करून सांगितलं, "मतलब ये कि साहब ने गलत जाँचा था। बच्चे उतने कमज़ोर नहीं थे। स्कूल यहीं रहेगा। और अलका का नाम अब कोई नहीं काटेगा।"

"बरोबर?" बाईंनी मला विचारलं.

"बरोबर," मी म्हणालो.

मंदाकिनीबाईंनी जाड वही आणली. अलकाच्या पानानंतरच्या कोऱ्या पानावर त्यांनी माझं नाव लिहिलं, नरहर खानझोडे, आणि शाईचं पॅड शारदाबाईंपुढं धरलं. शारदाबाईंनी हात पुसला आणि त्या पानावर, आडव्या व्रणासकट, आपला अंगठा उठवला.